सीट्टूचा शेवटचा नंबर

श्रीलंकेत राहत होते असं म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यातल्या पोहण्याच्या तलावात लोक उड्या मारत होते, तेव्हा तुम्ही तिथेच होता का? होते. 9 जुलै 2022 ला मी निगोंबोत, म्हणजे कोलंबोच्या उत्तरेला साधारण 35 किलोमीटरवर होते आणि तो प्रकार तुमच्यासारखाच फोनवर पाहिला. लोकांच्या डोक्यात श्रीलंकेचं ते आर्थिक संकट त्या तलावापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. आमच्या कारखान्यातल्या बायकांचं ते कितीतरी महिने आधी सुरू झालं होतं. आणि त्यातल्या बऱ्याच जणींच्या नोकऱ्या गेल्या त्या टीव्हीवाले परत गेल्यावर, पेट्रोल मिळायला लागल्यावर. लिहायला बसले ते मुख्यतः या मागच्या-पुढच्या भागासाठी.

मी कातुनायकेच्या मुक्त व्यापार क्षेत्रात, कपड्यांच्या एका कारखान्यात प्लॅनिंग बघायचे. विमानतळाला लागूनच हे क्षेत्र आहे, 1978 मध्ये सुरू झालेलं, देशातलं पहिलं. कोणत्या लाइनवर कोणती स्टाइल कधी चढवायची, कापड-बटणं-लेबलं वेळेत पोचणार का, कंटेनर कधी भरायचा, हे माझं काम. माहेर इचलकरंजीचं, त्यामुळे मागांचा आवाज आणि धाग्याचे भाव हे लहानपणापासूनचं. नवरा कोलंबोत नोकरीला, मुलगी शाळेत. निगोंबोत आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, खाली घरमालकीण आँटी आणि त्यांचे मासेमारी करणारे यजमान. त्यांची स्वतःची होडी होती, रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाची. हे रॉकेल पुढे येणार आहे.

आम्ही 2019 च्या शेवटी तिथे पोचलो. त्याच वर्षी ईस्टरला चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले होते, निगोंबोतलं एक चर्चही त्यात होतं. पर्यटक पळाले होते. डिसेंबरात नव्या सरकारने करांत मोठी कपात केली, व्हॅट 15 टक्क्यांवरून थेट 8 वर आणला. आँटी खूश. सगळेच खूश. मग कोरोना आला आणि उरलेसुरले पर्यटकही गेले. देशाकडे येणारा डॉलर तीन वाटांनी यायचा: पर्यटक, आमच्यासारखे कारखाने, आणि आखातात राबणाऱ्या माणसांनी घरी पाठवलेला पैसा. पहिली वाट बंद झाली. तिसरी वाट आटत गेली, कारण बँकेत डॉलरचे 200 रुपये मिळायचे आणि उंडियलवाल्याकडे, म्हणजे हवालावाल्याकडे, त्याहून बरेच जास्त. बहीण कुवेतहून पैसे पाठवते आणि ते बँकेत देशील का म्हटलं, तर कोण देईल? मी तरी दिले नसते. आणि देशाच्या परदेशी कर्जाचे हप्ते मात्र डॉलरमध्येच फेडायचे होते.

2021 च्या एप्रिलअखेर सरकारने रासायनिक खतांवर बंदी घातली. कारण सांगितलं सेंद्रिय शेतीचं, पण खतांच्या आयातीवरचा डॉलर वाचत होता हे कुणापासून लपलं नव्हतं. नोव्हेंबरात माघार घेतली, तोवर भाताचा मुख्य हंगाम हातचा गेला होता. कारखान्यात बसून हे वर्तमानपत्रातलं वाटतं. पण आमच्या लाइनवरच्या बहुतेक मुली अनुराधपुरा, कुरुनेगला, मोनरागला अशा शेतकरी भागातून आलेल्या. सुगी झाली की गावाहून तांदळाचं पोतं यायचं आणि तिघी-चौघींच्या बोर्डिंगच्या खोलीत ते महिनोन्महिने पुरायचं. पगारातली शिल्लक व्हायची ती त्या पोत्यामुळे. 2022 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पोती आली नाहीत. उलट गावाकडून फोन येऊ लागले, पैसे पाठव म्हणून.

अशा एका ऑपरेटर बाईंबद्दल पुढे पुष्कळ लिहायचं आहे. सगळी लाइन त्यांना अक्का म्हणायची, मीही. वय चव्वेचाळीस, ओव्हरलॉक मशीनवर हात असा की नवीन स्टाइल आली की नमुना आधी त्यांच्याकडे जायचा. वडील अनुराधपुऱ्याकडचे भातशेतकरी. नवरा काही करत नव्हता, आणि त्याबद्दल त्या काही बोलत नव्हत्या.

आमच्या घरी झळ लागली ती गॅसच्या निमित्ताने. ऑक्टोबर 2021 मध्ये सरकारने किमतींवरचं नियंत्रण उठवलं आणि साडेबारा किलोचा सिलिंडर एका रात्रीत 1,493 रुपयांवरून 2,675 वर गेला. त्यानंतर सिलिंडरमधल्या वायूंच्या मिश्रणात काहीतरी बदल झाला आणि ठिकठिकाणी घरांत स्फोट व्हायला लागले. आँटींनी सिलिंडर उचलून अंगणात नेऊन ठेवला, वर ओलं पोतं टाकलं. मग सिलिंडर मिळेचनासे झाले. पहाटे रिकामे सिलिंडर साखळीने एकमेकांना बांधून दुकानासमोर ओळ लावायची आणि माणसांनी घरी जाऊन झोपायचं, ही पद्धत पडली. पुढे एप्रिलमध्ये तोच सिलिंडर 4,860 झाला, आणि तरीही रांग होतीच. माझ्याकडे इंडक्शन होतं. मी जरा शहाणपणाच्या थाटात आँटींना तेच घ्यायला सुचवलं, आणि पंधरवड्यात वीज जायला लागली.

7 मार्च 2022 ला मध्यवर्ती बँकेने रुपया मोकळा सोडला. 203 च्या आसपास धरून ठेवलेला डॉलर महिनाअखेर 300 च्या घरात आणि मेमध्ये 360 वर. इथे मला एक गोष्ट सरळ सांगून टाकायची आहे, कारण असल्या लेखनात ती बहुधा गाळली जाते. माझ्या पगाराचा मोठा भाग डॉलरमध्ये ठरलेला होता. शेजारीपाजारी सगळ्यांची मिळकत अर्धी होत असताना माझी रुपयांत वाढत होती. गॅस नव्हता, वीज नव्हती, रांगा मलाही होत्या, पण मी गरीब झाले नाही. आणि कारखानाही गरीब झाला नाही. माल डॉलरमध्ये विकला जातो, मजुरी रुपयांत दिली जाते. रुपया पडला की एका शर्टाच्या शिलाईचा डॉलरमधला खर्च बसल्याजागी जवळजवळ निम्मा होतो. माझ्याच कॉस्टिंगच्या तक्त्यात तो आकडा खाली सरकताना मी पाहत होते. 2022 चं पहिलं अर्धं वर्ष कपड्यांच्या निर्यातीला उत्तम गेलं, ऑर्डरी भरभरून होत्या. देश दिवाळखोरीत आणि आमच्याकडे ओव्हरटाइम, असा तो काळ. मजुरी वाढली, नाही असं नाही. भत्ता म्हणून काही रक्कम जोडली गेली. ती महागाईच्या मागे धापा टाकत होती.

मार्चच्या शेवटी वीजकपात दहा तासांवर आणि मग 31 मार्चला तेरा तासांवर गेली. कारखान्यात जनरेटर होता. कंपनीने डिझेलसाठी डॉलर मोजायची तयारी ठेवली होती, त्यामुळे आमच्या लाइनी फारशा थांबल्या नाहीत. पण बोर्डिंगमध्ये जनरेटर कुठला? दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, एप्रिलचा उकाडा, पंखा बंद, डास. पाण्याचा पंप विजेवर, म्हणजे आंघोळीलाही पाणी नाही. मुली सकाळी कामावर यायच्या त्याच मुळी न झोपता. सुईने बोट टोचल्याच्या घटना त्या दोन महिन्यांत इतक्या वाढल्या की प्रथमोपचाराच्या पेटीतल्या पट्ट्या संपल्या आणि नवीन मिळेनात, कारण औषधांचाही तुटवडा. मग कटिंग विभागातलं सुती कापड फाडून पट्ट्या केल्या. त्याच सुमारास पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता. आँटींची नात त्या बातमीने नाचली होती.

रांगांबद्दल सगळ्यांनी लिहिलंय. मी फक्त एवढंच सांगते की रांगेचा खरा हिशेब पैशात होत नाही, हजेरीत होतो. आमच्याकडे मूळ पगार आणि त्यावर हजेरी भत्ता अशी रचना. महिन्यात एक दिवस जरी न सांगता बुडाला तरी भत्त्याला कात्री, दुसरा बुडाला की तो जवळजवळ गेलाच. हा भत्ता म्हणजे खोलीचं भाडं. आता रॉकेलची रांग पहाटे तीनला लागते आणि टँकर येतो सकाळी अकराला, कधी येतच नाही. स्टो पेटवायचा तर रांगेत उभं राहायचं आणि भाडं घालवायचं, किंवा कामावर जायचं आणि कच्चं खायचं. मुलींनी यावर तोड काढली. खोलीतल्या चौघींपैकी एकीने महिनाभर रांगा सांभाळायच्या, तिचा बुडालेला भत्ता बाकी तिघींनी वर्गणी काढून भरायचा. पुढच्या महिन्यात दुसरी. मला हे कळलं ते गैरहजेरीच्या नोंदींत विचित्र शिस्त दिसायला लागली म्हणून. एचआरच्या बैठकीत मी म्हटलं, रांगेच्या दिवसांना भत्ता कापू नका. उत्तर मिळालं, मग उद्या सगळीच लाइन रांगेत उभी राहील. दोन महिने घासाघीस झाल्यावर महिन्याला एक दिवस माफ झाला. तेव्हा मला ते यश वाटलं होतं.

बारा एप्रिलला सरकारने जाहीर केलं की परदेशी कर्जांची फेड थांबवतोय. एकूण कर्ज 51 अब्ज डॉलरचं. नेमका तो अवुरुदूचा, म्हणजे सिंहली-तमिळ नववर्षाचा आठवडा. आपल्या दिवाळीसारखे कारखाने तेव्हा बंद असतात, बोनस हातात पडलेला असतो, आणि कातुनायकेच्या बसथांब्यावर मुलींच्या पिशव्यांचे डोंगर असतात. त्या वर्षी पिशव्या लहान होत्या. नारळाचं तेल परवडत नव्हतं म्हणून कित्येक घरांत केवुम आणि कोकिस हे सणाचे पदार्थ तळलेच नाहीत. सुट्टी संपल्यावर काही मुली परतल्या नाहीत. बसभाडं वाढलेलं, खोलीचं भाडं वाढलेलं, गावात निदान फणस आणि पालेभाजी तरी होती. ऑर्डरी हातात आणि मशीनवर माणूस नाही, असं प्लॅनिंगवाल्याचं दुःस्वप्न मी त्या मेमध्ये जगले.

आता सीट्टू. सीट्टू म्हणजे आपली भिशी. श्रीलंकेत ती घरोघर चालते. आमच्या लाइनवरची अक्का चालवायच्या. दहा बायका, दरमहा पाच हजार, जानेवारी ते ऑक्टोबर 2022. चिठ्ठ्या टाकून नंबर ठरले. पहिला नंबर ज्या मुलीला लागला तिने जानेवारीत पन्नास हजार उचलून जुनी शिलाई मशीन आणि भावासाठी मोबाइल घेतला, वर थोडे उरले. शेवटचा नंबर ज्या मुलीचा होता, तिला गावच्या घरावर पत्रे घालायचे होते. नंबर शेवटचा आला याचा तिला उलट आनंद होता, एकरकमी हातात येतील, मध्येच खर्च होणार नाहीत म्हणून. दर महिन्याला ती पाच हजार भरत राहिली. फेब्रुवारीचे पाच हजार आणि ऑगस्टचे पाच हजार यांत किती अंतर आहे हे तिला रोज बाजारात दिसत होतं, पण सीट्टूत शब्द मोडायचा नसतो. ऑक्टोबरला तिला पुरे पन्नास हजार मिळाले, एक रुपया कमी नाही. त्यात अर्ध्या छपराचे पत्रे आले. सप्टेंबर 2022 मध्ये कोलंबोच्या निर्देशांकानुसार महागाईचा वार्षिक दर 69.8 टक्के आणि खाद्यपदार्थांचा 94.9 टक्के होता. हे आकडे मी नंतर वाचले. मला महागाई कळली ती त्या पत्र्यांनी. कुणी कुणाला फसवलं नव्हतं, सगळ्यांनी प्रामाणिकपणे हप्ते भरले होते, आणि तरीही पहिलीने शेवटचीचं अर्धं छप्पर खाल्लं होतं.

‘सगळ्यांनी’ हे जरा चुकलंच. एप्रिलनंतर गावाहून न परतलेल्यांत सीट्टूच्या दोघी होत्या, आपापले पैसे आधीच उचललेल्या. त्यांचे उरलेले हप्ते कोण भरणार? सीट्टू चालवणारी. अक्कांनी गळ्यातली साखळी बँकेच्या गहाण खिडकीवर ठेवली आणि भरले. बँकांनी सोनं तारण घेणं ही तिथे अगदी रोजची गोष्ट आहे. मी त्यांना म्हटलं, अक्का, दोघी पळाल्या, तुमचा काय दोष? त्या म्हणाल्या, “मिस, उद्या कुणी माझ्याकडे सीट्टू घालेल का मग?” एप्रिलमध्येच मध्यवर्ती बँकेने व्याजदर एका फटक्यात सात टक्क्यांनी वाढवले होते, गहाणाचं व्याजही चढलं. एक चमत्कारिक सोय मात्र होती. रुपया पडल्यामुळे सोन्याचा रुपयातला भाव वर जात होता, म्हणून मुदत संपली की त्याच साखळीवर बँक आधीपेक्षा जास्त कर्ज द्यायची. अक्का मुदत संपली की नवी पावती करायच्या, जुनं व्याज त्यातूनच फेडायच्या, आणि वरचे हजार-दोन हजार घरी न्यायच्या. साखळी तिथेच, कर्ज वाढतंय.

जेवणाचं सांगायलाच हवं. दुपारच्या डब्यात भात, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसुरीची डाळ, पोल सांबोल म्हणजे खोवलेल्या नारळाची तिखट चटणी, आणि माशाचा एक तुकडा असा थाट असायचा. आधी मासा गेला, त्याच्या जागी सुकट आली. मग अंडं आलं, अर्धं कापलेलं. मग अंडंही गेलं. डाळ इतकी पातळ झाली की भातातून खाली उतरून डब्याच्या तळाशी साठायची. शेवटी भात आणि सांबोल. चहात दूध राहिलं नाही. लंकेत दूध म्हणजे मुख्यतः आयात पावडर, तिचं 400 ग्रॅमचं पाकीट मार्चमध्ये 790 वर गेलं, आणि तेही मिळेल तेव्हा. जूनमध्ये फिनिशिंगमधली एक मुलगी इस्त्रीच्या टेबलापाशी चक्कर येऊन पडली, दुसऱ्या आठवड्यात आणखी एक. कंपनीने कँटीनमध्ये दुपारचं जेवण फुकट सुरू केलं. माणुसकी म्हणून का उत्पादन म्हणून, याच्यात मी पडत नाही. ते जेवण चांगलं होतं. पहिल्याच दिवशी पर्यवेक्षकांच्या लक्षात आलं की मुली ताटातलं अर्धं पिशवीत भरतायत. मग पिशव्या आणायला बंदी करायची का, यावर चक्क चर्चा झाली. झाली नाही बंदी, सुदैवाने.

भारतातून तेव्हा उधारीवर डिझेल येत होतं, औषधं आणि तांदूळ येत होते, तमिळनाडूनेही तांदूळ आणि दूधपावडर पाठवली. त्या दिवसांत मी भारतीय आहे म्हटलं की रिक्षावाले, म्हणजे तिथले थ्रीव्हीलरवाले, मीटरपेक्षा दहा रुपये कमी घ्यायचे. नंतर ते आपोआप बंद झालं.

27 जूनच्या मध्यरात्रीपासून अत्यावश्यक सेवा सोडून कुणालाच इंधन नाही, असं फर्मान निघालं. तोपर्यंत पेट्रोल 470 रुपये लिटर झालेलं. कंपनीच्या बस चालल्या, पण त्यांच्यापर्यंत पोचायला मुली पाच-सहा किलोमीटर चालत यायच्या. सायकली एका आठवड्यात दुप्पट महाग झाल्या. आँटींचे यजमान दारात बसून असायचे. समुद्र समोर, होडी समोर आणि रॉकेल नाही. निगोंबोच्या मासळीबाजारात त्या दिवसांत जेमतेम लहान मासळी दिसायची, तीही किनाऱ्यालगत जाळं टाकून धरलेली. सरकारी कर्मचाऱ्यांना शुक्रवारची सुट्टी जाहीर झाली होती, परसात भाजीपाला लावण्यासाठी. आँटींची भाची कारकून. तिने चार शुक्रवार खपून मुकुनुवेन्नाची पालेभाजी लावली, ती शेजारच्या बकऱ्यांनी खाल्ली.

पुढचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे. 13 जुलैला राष्ट्राध्यक्ष मालदीवला पळाले, 20 जुलैला संसदेने त्यांच्या जागी रानिल विक्रमसिंघे यांना निवडलं. आमच्या दृष्टीने त्या महिन्यातली मोठी घटना मात्र वेगळीच होती: क्यूआर कोड. वेबसाइटवर गाडीचा नंबर, चासी नंबर आणि ओळखपत्र किंवा पासपोर्टचा क्रमांक टाकायचा, कोड यायचा. मोटारीला आठवड्याला 20 लिटर, मोटारसायकलला 4, थ्रीव्हीलरला 5. पंपावरचा मुलगा फोनने कोड टिपायचा आणि तुमचा शिल्लक कोटा त्याला दिसायचा. मला वाटलं होतं हा आणखी एक घोळ होणार. आठवड्याभरात रांगा वितळल्या. कारण साधं होतं: उद्याही आपल्या वाट्याचं मिळणार आहे याची खात्री झाल्यावर कुणी रात्रभर उभं राहत नाही. हे चार महिने आधी का सुचलं नाही, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. कोड छापून, लॅमिनेट करून किल्लीला अडकवायचा धंदाही लगेच उभा राहिला. थ्रीव्हीलरवाल्यांना पाच लिटरात घर चालवणं शक्यच नव्हतं, ते आपला कोटा विकून घरी बसायचे. आणि ऑगस्टमध्ये रॉकेल मिळायला लागलं ते 87 वरून 340 रुपये लिटर होऊन. आँटींचे यजमान पुन्हा समुद्रात गेले, पण दिवसाआड. मासळी कमी मिळाली तर खेप अंगावर यायची.

बाहेरच्या जगासाठी गोष्ट इथे संपली. 2023 च्या मार्चमध्ये नाणेनिधीने सुमारे तीन अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं, फटाके फुटले. सप्टेंबरात क्यूआरही गेला. पर्यटक परत आले, निगोंबोच्या किनाऱ्यावरच्या खाणावळींत पुन्हा झिंगे तळले जाऊ लागले. आणि आमच्या लाइनी बंद पडायला लागल्या.

2022 च्या शेवटापासूनच युरोप-अमेरिकेतली मागणी आटली होती. तिकडच्या दुकानांत माल पडून. इकडे विजेचे दर ऑगस्टमध्ये सरासरी 75 टक्के आणि फेब्रुवारीत पुन्हा 66 टक्के वाढलेले. माझ्या तक्त्यात एकामागून एक रिकामे आठवडे दिसू लागले. आधी ओव्हरटाइम गेला. ओव्हरटाइमवर जगणाऱ्या बाईला ही पगारकपातच. मग शनिवार गेले. मग रोजंदारीचे हेल्पर. मग लाइन क्रमांक सात, आठ आणि अकरा, म्हणजे अक्कांची.

लंकेच्या कायद्याप्रमाणे कामगार आयुक्तांच्या परवानगीशिवाय कायम कामगाराला काढता येत नाही. म्हणून कुणाला काढलं नाही. ‘स्वेच्छेने’ राजीनाम्याची योजना आली. कँटीनमध्ये टेबलं मांडली, एकेकीला बोलावून आकडा दाखवला. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा मूळ पगार, आणि वर कंपनीकडून काही. सही केली तर आज चेक, नाही केली तर पुढे काय होईल सांगता येत नाही, असं गोड आवाजात सांगायचं. ज्या मूळ पगारावर हिशेब होता त्याची किंमत दोन वर्षांत निम्मी झाली होती. एकोणीस वर्षांच्या नोकरीचा आकडा पाहून अक्का म्हणाल्या, “हे माझे, की एकट्या गेल्या वर्षाचे?” त्या पोरसवदा एचआरवाल्याला उत्तर सुचलं नाही. त्याचीही नोकरी पुढच्या यादीत होती.

भविष्यनिधी होता, पगारातले आठ टक्के आणि मालकाचे बारा. पण तो बायकांना पन्नाशीनंतर. त्याच वर्षी सरकारने देशांतर्गत कर्जाची फेररचना करताना या निधीकडच्या रोख्यांचं व्याज सुरुवातीला 12 टक्के आणि पुढे 9 टक्के असं बांधून घेतलं. ज्या वर्षी महागाई सत्तरच्या घरात होती त्याची भरपाई त्यात कुठे बसते? मोठ्या गुंतवणूकदारांशी वाटाघाटी चालल्या होत्या आणि शिलाईवालीला कुणी विचारलंही नाही, हे मला आजही खटकतं.

तरुण मुली बाहेर पडल्या. 2022 या एका वर्षात तीन लाखांहून जास्त लोक परदेशी कामाला गेले, बट्टरमुल्लाच्या पासपोर्ट कचेरीबाहेर लोक रात्री वस्तीला असायचे. आमच्या लाइनवरच्या काही जणी जॉर्डनच्या कपड्यांच्या कारखान्यांत लागल्या. तेच मशीन, बहुधा त्याच बायरचे शर्ट, फक्त पगार दिनारात. पत्रेवाली त्यांत होती. उरलेलं छप्पर तिने तिकडून पैसे पाठवून पुरं केलं, फोटो आला होता.

अक्कांना एजंटने वयामुळे परत पाठवलं. चेकचे पैसे घेऊन त्या आधी बँकेत गेल्या. साखळीवरचं कर्ज, व्याज सगळं मिळून इतकं झालं होतं की ती सोडवली असती तर हातात फार उरलं नसतं. त्यांनी साखळी सोडून दिली, बँकेने लिलावात काढली. पैशांतून वडिलांच्या शेतात खत आणि बियाणं घातलं, थोडे ठेवले. तीन महिन्यांनी त्या कातुनायकेत परत आल्या, मॅनपॉवरवर. मॅनपॉवर म्हणजे पहाटे नाक्यावर उभं राहायचं, एजंटची व्हॅन येते, आज ज्या कारखान्यात माणूस कमी आहे तिथे सोडते, संध्याकाळी रोख मजुरी. भविष्यनिधी नाही, हजेरी भत्ता नाही, सुट्टी नाही. एका सकाळी त्या आमच्याच फाटकातून आत आल्या, दुसऱ्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून, लाइन क्रमांक तीनवर, तातडीची शिपमेंट होती म्हणून. मीच मागितली होती वीस माणसं.

“मिस, आता निदान भत्ता कापायची भीती नाही,” म्हणाल्या आणि हसल्या. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आल्या. मॅनपॉवरच्या बायकांत नवा सीट्टू सुरू केला होता, दहा जणी, रोज पाचशे, दहा दिवसांत संपणारा. लांबच्या सीट्टूला आता कुणी तयार होत नाही म्हणाल्या. एक जागा रिकामी होती. मी पाचशे रुपये दिले आणि त्यांनी वहीत माझ्या नावापुढे दहावा नंबर टाकला.